गिरणीतला धोंडू

धोंडू आमच्या घरी आला तो पिठाच्या डब्यातून. अण्णा दर आठवड्याला छावणीत एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर गव्हाचं पीठ पोचवायचे आणि रिकामा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून परत आणायचे. त्या दिवशी डबा कुंईकुंई करत आला. आईनं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि परत लावून टाकलं. "अहो, डब्यात घूस हाय," ती म्हणाली. आमची गिरणी होती, घुशी आमच्या रोजच्या ओळखीच्या होत्या, त्यामुळं तिचा आवाजही फारसा चढला नाही. अण्णा म्हणाले, "घूस नाय, कुत्रं हाय. साहेबाची बदली झाली. विलायती जात हाय." आईनं पुन्हा झाकण उघडलं. आत पांढरंफटक, एका डोळ्यावर तपकिरी डाग असलेलं, आखूड केसांचं एक पिल्लू बसलं होतं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं होतं, आणि तोंड इतकं रुंद की ते कायम कशाला तरी हसतंय असं वाटायचं. "विलायती असंल," आई म्हणाली, "पण शिजायचं राहिलंय." आणि भाकरी कुस्करायला आत गेली.

हे आठवायचं कारण म्हणजे माझ्या पुतण्याच्या मुलानं सिडकोतल्या फ्लॅटमध्ये नुकताच एक पिटबुल आणलाय. त्याला माणसांची सवय लावायला एक शिक्षक येतो. कमरेला बिस्किटांची पिशवी, पायात पांढरे बूट. तो कुत्र्याला लिफ्ट दाखवतो, वॉचमन दाखवतो, छत्री उघडून दाखवतो. मी गॅलरीत बसून बघत असते. परवा मला म्हणाला, "आजी, या जातीचं पिल्लू लहानपणीच सगळ्यांत मिसळवावं लागतं, नाहीतर अवघड होतं." मी हो म्हटलं. साहेबाची कुत्री, म्हणजे धोंडूची आई, याच भावकीतली, छावणीत तिला बुलडागच म्हणायचे. आमच्या गल्लीत असलं पिल्लू मिसळवायला कुणी शिक्षक आला नव्हता. त्या कामाला आम्ही वळण लावणं म्हणायचो, आणि ते आईकडं असायचं.

नाव आईनंच ठेवलं. त्या कुत्रीची बाकीची पिल्लं जगली नव्हती, हे एकच राहिलं होतं. ज्याची भावंडं जगत नाहीत त्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचं, म्हणजे यमाला वाटतं, धोंडाच तर आहे, कशाला उचला. साहेबानं त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते अण्णा सायकल चालवता चालवता वाटेतच विसरले. मग विलायती जातीचा तो मोठ्या डोक्याचा प्राणी आमच्याकडं धोंडू झाला, आणि शेजारच्या खाला त्याला धोंडूमियाँ म्हणू लागल्या. या शहराचं नाव आता बदललं. धोंडूचं शेवटपर्यंत तेच राहिलं.

गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. तेलावर चालणारं इंजिन होतं. सकाळी अण्णा त्याचं चाक हातानं फिरवून सुरू करायचे, मग छपरावरच्या नळकांड्यातून टुक-टुक-टुक सुरू व्हायचं ते दुपारपर्यंत. त्या आवाजामुळं आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. इंजिन बंद झाल्यावरही आवाज खाली येत नसे, त्यामुळं पाहुण्यांना आमचं रोज भांडण चाललंय असं वाटायचं. पीठ सगळीकडं असायचं. पापण्यांवर, देवाच्या तसबिरींवर, ताकावर. धोंडू मुळातच पांढरा, तो पिठात बसला की नुसता डाग दिसायचा, आणि बायका डबा ठेवायला गेल्या की तो डाग उठून चालायला लागायचा. दोन बायकांनी भिऊन हातातले डबे खाली टाकले. ज्वारी गोळा करायला मला वाकावं लागलं.

गल्लीत आम्हां हिंदूंची काही घरं आणि मुसलमानांची बरीच. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं होऊन गेली होती. काही घरांना कुलूप लागून ती रिकामी झाली होती, काहींत नवी माणसं आली होती, आणि जी राहिली होती ती एकमेकांशी फार जपून बोलायची. काय झालं होतं ते कुणी काढत नसे. दळण मात्र सगळ्यांचं एकाच जात्यावर निघायचं. खालांचा गहू, मग आमच्याकडची बाजरी, मग हाजीसाबांची हरभऱ्याची डाळ, असं एकामागून एक. अण्णांना त्या रांगेचा फार अभिमान होता, पण ते तसं कधी बोलले नाहीत, फक्त रांग मोडली की ओरडायचे.

हाजीसाब म्हणजे गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. मेंदी लावलेली दाढी, हातात काठी, आणि घरी भरपूर कोंबड्या. कोंबड्यांवर त्यांचा फार जीव. धोंडू आल्याची बातमी कळताच ते गिरणीच्या पायरीपाशी आले आणि काठी टेकून बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. धोंडू त्यांच्याकडं बघून हसत राहिला, कारण त्याचं तोंडच तसं होतं. हाजीसाब म्हणाले, "अण्णा, छावणीवाले बोलते, ये जात एक बार जबड़ा बंद करी तो खोलती नहीं. अपनी गल्ली में बच्चे हैं, बकरे हैं." अण्णा म्हणाले, "हाजीसाब, अजून त्याला दात बी नाहीत धड." "आएँगे ना," हाजीसाब म्हणाले. मग विचार करून त्यांनी सांगितलं, की बकरीदपर्यंत बघू. तोवर त्यानं ना कुणा मुलाला धरलं ना कुणाच्या बकऱ्याला, तर राहू द्या. एकदा जरी धरलं तर मात्र त्याला गल्लीबाहेर पाठवायचं. अण्णांनी कबूल केलं. करमाडला माझ्या काकांचं शेत होतं, तिथं पाठवता आलं असतं. रात्री जेवताना आई म्हणाली, "काहून हो म्हणालात? पोरीचा जीव बसलाय त्याच्यात." अण्णा म्हणाले, "या गल्लीत कुत्रं चावलं म्हंजी नुसतं कुत्रं चावलं असं राहत नाय. तुला ठावं हाय." आईला ठाऊक होतं.

मग वळण लावणं सुरू झालं. आईनं दोन मुलं आणि एक कालवड वाढवली होती. थोरला भाऊ हैदराबादला शिकायला गेलेला, कालवड विकलेली, मी हाताशी आलेली, त्यामुळं तिच्याकडं ती विद्या रिकामी पडून होती. ती धोंडूला ताकात कुस्करलेली भाकरी हातानं भरवायची. दात लागला की "आं!" असं ओरडायची, हात मागं घ्यायची आणि तोंड फिरवून बसायची. आईनं तोंड फिरवलं की अण्णासुद्धा घाबरायचे, धोंडूची काय कथा. तो तिच्यापुढं जाऊन बसायचा, ती पुन्हा फिरायची, तो पुन्हा पुढं जायचा. असं करता करता एक दिवस त्यानं तिच्या बोटावरचं ताक नुसत्या जिभेनं टिपून घेतलं. इंजिनच्या पट्ट्याचं टोक मात्र त्यानं चघळून काढलं, आईची एक चप्पल खाल्ली, दुसरी ठेवली. एका चपलेचं काय करायचं म्हणून ती तिनं त्यालाच दिली, तर तिला त्यानं तोंडसुद्धा लावलं नाही.

गल्लीची अडचण वेगळी होती. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर मुसलमान शेजाऱ्यांना ते कपडे धुतल्याशिवाय नमाज पढता येत नसे, आणि मशिदीची वाट गिरणीवरूनच. म्हणजे सिडकोतला तो शिक्षक पिल्लाला माणसांच्या जवळ जायला शिकवतो, आम्हांला ते शिकवून वर लांब राहायलाही शिकवायचं होतं. अण्णांनी पायरीवर एक गोणपाट टाकलं. दळण चालू असेतो धोंडूनं त्याच्यावर बसायचं, कुणीही आलं तरी उठायचं नाही, आणि शेपूट कितीही हलवलं तरी चालेल. पहिले काही दिवस मी त्याला गळ्याशी धरून बसायचे. माझा अभ्यास पायरीवरच व्हायचा. बायका यायच्या, डबे ठेवायच्या, लांबूनच "सलाम धोंडूमियाँ" म्हणायच्या, आणि त्याचा पार्श्वभाग गोणपाटावरच इकडून तिकडं हलायचा. नमाजाला जाणारे लोक आधी समोरच्या भिंतीला घासून जायचे, मग गल्लीच्या मधून जाऊ लागले. दर गुरुवारी अण्णा त्याला छावणीच्या बाजारात न्यायचे, बैल, घोडे, टांगे, कुल्फीवाल्याची घंटा, सगळं दाखवायचे, आणि काही विकत न घेता परत आणायचे. व्यापाऱ्यांना वाटायचं अण्णा कुत्रं विकायला आणतात आणि भाव न पटल्यानं परत नेतात.

पण धोंडूचा खरा मास्तर शहजादा. शहजादा म्हणजे नसीमचा बकरा. नसीम खालांची मुलगी, माझ्याच वयाची, माझी एकुलती एक मैत्रीण. तिचे वडील, आमचे चाचा, शेरवान्या शिवायचे, आणि त्यांच्या घरात कैची ठेवायला स्वतंत्र खिळा होता, त्याला बाकी कुणी हात लावायचा नाही. बकरीदसाठी त्यांनी करमाडहून एक करडू आणलं होतं, काळंभोर, कानाची टोकं पांढरी. आणलं ते कुर्बानीसाठी हे नसीमला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तेव्हा ईद लांब होती आणि करडू लहान होतं. तिनं त्याचं नाव शहजादा ठेवलं, आणि रोज सकाळी ती त्याला घेऊन आमच्याकडं कोंडा खायला आणायची. धोंडूला तो दिसला की राहवायचं नाही. गोणपाटाचा नियम माणसांसाठी आहे, बकऱ्यांसाठी नाही, असं त्यानं आपल्यापुरतं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं शहजाद्याचा पाय धरायला तोंड घातलं, आणि शहजाद्यानं मागं सरून, मान खाली घालून, त्याला असा एक टोला दिला की धोंडू रिकाम्या डब्यांवर जाऊन पडला. सगळे डबे वाजले. अण्णांनी इंजिन बंद केलं. धोंडू उठला, अंगावरचं पीठ झटकलं, आणि अत्यंत आदरानं शहजाद्यापासून थोडं अंतर राखून बसला.

त्यानंतर दोघांचं जमलं. दात जरा जोरात लागला की टोला, हळू लागला की खेळ, असा सरळ हिशेब होता. आईचं तोंड फिरवणं जिथं कमी पडायचं तिथं शहजाद्याचं डोकं पुरं पडायचं. थंडीच्या दिवसांत दोघं एकाच गोणपाटावर पडलेले असायचे. धोंडू शहजाद्याचे कान चाटायचा, शहजादा डोळे मिटून रवंथ करायचा. हाजीसाब रोज जाताना थांबून बघायचे. एकदा त्यांनी काठीचं टोक धोंडूच्या नाकापुढं धरलं. धोंडूनं ते हुंगलं आणि मान दुसरीकडं वळवली. हाजीसाब म्हणाले, "हं." त्या "हं"वर अण्णा दिवसभर खूश होते. नसीम धोंडूला हात लावायची नाही, घरचं तसं सांगणं होतं, पण पायरीच्या खालच्या टोकाला बसून त्याच्याशी तास न् तास बोलायची. शहजाद्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी ती त्याला सांगायची.

ईद जवळ आली तशी ती बोलायची कमी झाली. गल्लीत बकरे वाढले, दोरखंड दिसू लागले, हिरव्या पाल्याच्या गाड्या यायला लागल्या. धोंडू एवढ्या बकऱ्यांमधून असा शांतपणे चालायचा की मीच त्याच्या अंगावर ओरडायचं विसरले. नसीमनं एका दुपारी मला विचारलं, "सुमी, जानवर में कुछ ऐब रहा तो कुर्बानी नहीं होती, मालूम है? लँगड़ा रहा, सींग टूटा रहा, कान कटा रहा." मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग बरंय ना, शहजादा धडधाकट हाय." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी काहीतरी चुकीचं बोलले हे मला कळलं. काय ते कळलं नाही.

ईदच्या काही दिवस आधी, सकाळी, दळण रंगात असताना नसीम ओरडत आली. "सुमी! तेरे धोंडू ने शहजादे का कान खाया!" तिच्या मागं शहजादा, डाव्या कानातून रक्त ओघळत. आणि पायरीवर, आपल्या गोणपाटावर धोंडू, नाकाला रक्त लागलेलं. अण्णांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत सगळी गल्ली बाहेर आली. मी धोंडूच्या गळ्याला मिठी मारून रडत बसले. तो माझं रडणं बघून माझंही तोंड चाटायला लागला, त्यामुळं ते रक्त माझ्या गालाला लागलं, आणि ते बघून एक बाई किंचाळली. हाजीसाब आले. त्यांनी एक दोरा मागवला, शहजाद्याचा कान आडवा धरून मोजला, मग गेलेला तुकडा किती ते अंदाजानं मोजलं, दोऱ्याला घडी घातली, आणि म्हणाले, "तिहाई से कम है. कुर्बानी हो जाती. घबराने का नहीं." खालांनी सुटकेचा श्वास टाकला. नसीम खाली बसली. मला वाटलं, आनंदानं.

मग हाजीसाब अण्णांकडं वळले. त्यांना त्यात आनंद झालाय असं मुळीच दिसत नव्हतं. "अण्णा," ते म्हणाले, "क्या करना, तुमीच बोलो." अण्णांनी हात पुसले. पीठ पुसलं जात नाही, तरी ते पुसत राहिले. "बोललो होतो तसं," ते म्हणाले. "उद्या सकाळी करमाडला पोचवतो." एवढंच. इंजिन परत सुरू झालं. आईनं त्या दिवशी धोंडूला भरवलं नाही, वाटी समोर ठेवून दिली आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिला राग धोंडूचा आला होता की शब्द दिल्याचा, हे मी विचारलं नाही. मी त्याचं तोंड उघडून त्याचे दात बघितले. कधीच कुणाला नीट न चावलेले ते दात. आता वाटतं, त्या वयात माझं त्याच्याइतकं कुणावरही प्रेम नव्हतं, आईवडिलांवरही नव्हतं, आणि हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ओळखीचा टांगा आणला. धोंडूला गुरुवार वाटला, बाजाराला जायचंय म्हणून तो आपणहून चढून बसला आणि सगळ्यांकडं बघून हसत राहिला. हाजीसाब निरोपाला आले होते, चाचा दुकान उघडायचं सोडून उभे होते. टांगेवाल्यानं लगाम उचलला तेवढ्यात नसीम घरातून अनवाणी पळत आली आणि घोड्याच्या पुढं उभी राहिली. "उसने नहीं काटा," ती म्हणाली. "मैंने काटा. अब्बा की कैची से."

घोड्यानं मान हलवली, घुंगरं वाजली. नसीम भराभर सांगत सुटली. कान कापला की कुर्बानी होत नाही, मग शहजादा राहील, पण शहजादा ओरडला, आणि थोडासाच कापला गेला. शहजादा सुटून पळाला तो थेट गोणपाटावर, धोंडूनं त्याचा कान चाटून काढला, आणि त्याच्या नाकाला रक्त बघून तिच्या तोंडातून ते नाव निघून गेलं. "मेरेकू लगा, शहजादा बचेगा. बकरा भी गया, कुत्ता भी जा रा," असं म्हणून ती रडायला लागली. खालांचा हात उचलला गेला होता, तो तसाच हवेत राहिला. चाचा पुढं झाले. आपल्या अंगणात बांधलेल्या शहजाद्याचा कान त्यांनी दोन बोटांत धरला, उजेडात वळवून पाहिला. कपडा बघतात तसा. "काट तो सीधी मारी है," ते म्हणाले. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते गडबडीनं दुकानाकडं निघून गेले.

हाजीसाब टांग्यापाशी गेले. धोंडूच्या समोर काठी टेकून उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "माफ करो भाई." धोंडू हसत होताच. मग ते आमच्या पायरीवर, त्या गोणपाटाला लागूनच बसले, आणि त्यांनी नसीमला जवळ बोलावलं. "बेटी, जो चीज प्यारी नहीं, वो देने में क्या है? जिसका दिल दुखता, कुर्बानी उसीच की." नसीम हुंदके देत म्हणाली, "तो तुम तुम्हारे मुर्गे देव ना." हाजीसाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मुर्गे की नहीं होती," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक लागला. अण्णांनी धोंडूला टांग्यातून उतरवलं. त्याला उतरायचं नव्हतं. बाजार हुकल्याबद्दल तो संध्याकाळपर्यंत आमच्यावर रुसून होता.

शहजादा वाचला नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं कदाचित, पण त्या दिवसांत आम्हां दोघींनाही शेवटपर्यंत काहीतरी होईल असं वाटत होतं, म्हणून मीही लांबवलं. ईदच्या सकाळी गल्ली धुऊन स्वच्छ केलेली, नव्या कपड्यांचा, अत्तराचा वास. अण्णांनी गिरणी बंद ठेवली होती. मी खिडकीत गेले नाही. धोंडू गोणपाटावर बसून खालांच्या दाराकडं बघत राहिला, कोंड्याची वेळ टळून गेली तरी. दरवर्षी आमच्याकडं कुर्बानीच्या मटणाचा वाटा यायचा आणि अण्णांना तो आवडायचा. त्या वर्षी खालांनी पाठवला नाही, आणि आईनं विचारलं नाही. आईनं आम्हांला पिठलं केलं. पिठल्यावर अण्णांनी एरवी काहीतरी शेरा मारला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला आमच्या दारात आल्या. हातात ताट नाही, डबा नाही. आईनं बसायला पाट दिला, त्या बसल्या नाहीत. "लड़की ने कल से कुछ नहीं खाया," त्या म्हणाल्या. "नान भी नहीं, शीरा भी नहीं. रो भी नहीं रही. बकरे के खूँटे के पास बैठी है." आई म्हणाली, "मी येऊ का?" खालांनी मानेनंच नको म्हटलं. त्या कुणाकडंच न बघता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "वो... धोंडूमियाँ को थोड़ी देर भेज देव."

आईनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग तिनं धोंडूला न्हाणीत नेलं आणि त्याला साबण लावून आंघोळ घातली. अण्णांच्या पंच्यानं पुसलं. एखाद्या मुलाला दाखवायला न्यावं तसं तिनं त्याचं तोंड पुन्हा एकदा पुसलं आणि माझ्या हातात दोरी दिली. खालांच्या घरात कुत्रं त्याआधी कधी गेलं नव्हतं. धोंडू उंबऱ्याशी थांबला आणि बसला, तसं त्याला शिकवलेलं होतं. खाला म्हणाल्या, "आव." तो हलला नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "आव बाबा, आव," आणि बाजूला झाल्या. मग तो आत गेला, अंगण हुंगत हुंगत खुंट्यापर्यंत गेला. तिथं त्यानं बराच वेळ जमीन हुंगली. मग नसीमच्या नव्या सलवारीवर आपलं ते भलंमोठं डोकं ठेवलं आणि उसासा टाकला. नसीमनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा रडायला लागली, आणि खाला भिंतीला टेकून रडायला लागल्या, आणि मीही.

थोड्या वेळानं खालांनी शिळं नान आणि साखर आणली. नसीमनं खाल्लं. एक तुकडा धोंडूला दिला, तो त्यानं तिच्या बोटांना दात न लागू देता उचलला. ऊन उतरल्यावर मी त्याला घेऊन निघाले. दारात वळून पाहिलं तर खाला अंगण धुवायला पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या, चेहऱ्यावर नेहमीचा करडेपणा परत आलेला. मला फार ओशाळं वाटलं. मी म्हटलं, "खाला, आता नाही आणत."

"काइकू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बादली ओतली. "कल भी लाना. धोने कू पानी है हमारे पास."